बुलेटिन बोर्डांवरील फाइल-शोध आणि ‘चाकण’ : नामरूपांच्या दृष्टीने एक टिपण

१. विषयप्रवेश

कागद जतन होणे आणि कागद सापडणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे इतिहासाच्या अभ्यासकास निराळे सांगावयास नको. दप्तरातील रुमाल शाबूत असतो, त्यातील कागदही वाळवीपासून बचावलेला असतो. परंतु यादीत त्याचे नाव भलतेच पडले असेल, तर अभ्यासकापुरता तो कागद नाहीसाच झालेला असतो. संगणकावर साठविलेल्या मजकुराच्या बाबतीत हा प्रश्न आता उरलेला नाही, असा एक सार्वत्रिक समज आहे. शब्द टंकित करावा आणि यंत्राने तो शोधून द्यावा, इतके ते सोपे झाले आहे असे मानले जाते. हा समज कितपत खरा आहे, हे तपासण्यासाठी आजच्या शोधयंत्रांकडे न पाहता त्यांच्या थोड्या आधीच्या एका अवस्थेकडे पाहणे अधिक उपयोगी ठरते. कारण त्या अवस्थेत शोधाची सगळी कळसूत्रे उघडी होती आणि ती माणसाला स्वतःच्या हाताने जुळवावी लागत.

ही अवस्था म्हणजे दूरध्वनीवर चालणाऱ्या बुलेटिन बोर्डांची. स्थूल मानाने १९७८ ते १९९५ हा तिचा काळ. ह्या बोर्डांचे जाळे झाल्यानंतर एका केंद्रावरील फाइल दुसऱ्या केंद्राच्या वापरकर्त्याला शोधता यावी म्हणून जी शोधसाधने निर्माण झाली, त्यांची जुळवणी कशी केली जाई आणि त्या जुळवणीत भाषेविषयी कोणती गृहीते दडलेली होती, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. परीक्षेसाठी एकच शब्द घेतला आहे : चाकण. हे गाव म्हणजे येथे घटनास्थळ नसून शोधावयाचा शब्द आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. शब्द निवडण्याचे कारण असे की, तो लहान आहे, त्यात एकही जोडाक्षर नाही, आणि तो मराठीच्या सर्व कालखंडांत वापरात आहे. शहाजीराजांच्या जहागिरीतील परगणा म्हणून, १६६० साली फिरंगोजी नरसाळा यांनी शायिस्तेखानाविरुद्ध लढविलेल्या संग्रामदुर्गाचे गाव म्हणून, कांद्याचा बाजार म्हणून, आणि गेल्या पंचवीस वर्षांत मोटारींच्या कारखान्यांचा पट्टा म्हणून हे नाव कागदोपत्री येत राहिले आहे. इतका साधा शब्दही यंत्राला सापडणे किती अवघड होते, हे दिसून आल्यास कठीण शब्दांविषयी निराळे सांगण्याची गरज पडू नये.

२. बोर्ड, जाळे आणि दूरध्वनीचे बिल

पहिला बुलेटिन बोर्ड वॉर्ड क्रिस्टेन्सन व रँडी स्यूस यांनी शिकागो येथे फेब्रुवारी १९७८ मध्ये सुरू केला. घरातील एक संगणक, एक मोडेम आणि एक दूरध्वनी एवढीच त्याची सामग्री होती. एका वेळी एक मनुष्य दूरध्वनी लावी, निरोप वाची, निरोप ठेवी आणि दूरध्वनी ठेवून देई. मग दुसऱ्याची पाळी. पुढे १९८४ मध्ये टॉम जेनिंग्ज यांनी सॅन फ्रान्सिस्को येथे फिडोनेट ह्या जाळ्याचा आरंभ केला. फिडोनेटमध्ये बोर्ड एकमेकांशी कायमचे जोडलेले नव्हते. रात्री, दर स्वस्त असताना, एक संगणक दुसऱ्यास दूरध्वनी लावी आणि दिवसभरातील निरोपांचे गाठोडे हवाली करी. प्रत्येक केंद्रास विभाग, जाल व केंद्रक्रमांक असा अंकांचा पत्ता असे; आशियाला सहावा विभाग देण्यात आला होता. केंद्रांची यादी दर आठवड्यास नव्याने प्रसिद्ध होई. १९९० नंतरच्या ऐन भरात ह्या यादीत तीस हजारांहून अधिक केंद्रे होती. पुढे इंटरनेट आल्यावर ओहोटी लागली, आणि २००७ मध्ये आशियाचा सहावा विभागच बंद करून उरलेली केंद्रे तिसऱ्या विभागात घालण्यात आली.

आपल्याकडे मुंबईत सुचित नंदा यांनी १९८९ मध्ये सुरू केलेला ‘लाइव्ह वायर’ आणि बंगळुरातील अतुल चिटणीस यांचा ‘सीआयएक्स’ हे बोर्ड त्या काळच्या संगणकप्रेमी मंडळींत विशेष नावाजलेले होते. विद्यापीठीय व संशोधनक्षेत्रात ह्याच सुमारास अर्नेटचे जाळे उभे राहत होते. १९८६ मध्ये आरंभ झालेल्या ह्या योजनेत मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र व पवईची आयआयटी ह्या संस्था होत्या. परंतु अर्नेट संस्थांसाठी होते. सामान्य नागरिकाला परवडेल असे दार म्हणजे बुलेटिन बोर्डच. तेही फार रुंद नव्हते. १९९१ च्या सुमारास सबंध देशात दूरध्वनीच्या जोडण्या सुमारे पन्नास लाख होत्या. १९९४ मध्ये दूरसंचार विभागाने बोर्डचालकांकडून भारी परवानाशुल्क मागण्याचे धोरण पुढे आणले, तेव्हा हौसेने बोर्ड चालविणाऱ्यांनी त्यास विरोध केला. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने मुंबईसह चार महानगरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले आणि बोर्डांचा प्रश्न हळूहळू मागे पडला.

ह्या परिस्थितीत शोधसाधनाची गरज का भासली, हे हिशेबानेच पाहावे. एखाद्या बोर्डावर ५,००० फाइली आहेत आणि यादीत प्रत्येक फाइलीस ६० अक्षरांची एक ओळ आहे, असे समजू. यादी ३ लाख अक्षरांची झाली. त्या काळचा २,४०० बिट गतीचा मोडेम सेकंदाला सुमारे २४० अक्षरे वाहून नेई. म्हणजे नुसती यादी उतरवून घेण्यास एकवीस मिनिटांच्या आसपास वेळ लागे. पुण्याहून मुंबईस हे करणे म्हणजे एकवीस मिनिटांचा एसटीडी दूरध्वनी. रात्री उशिरा दर चौथाईवर येत, तरी महिनाअखेरीस येणारे बिल विद्यार्थ्याच्या खिशाला झेपणारे नव्हते. स्वतः चाकणचा तर पुण्याहून निराळा संकेतांक होता. पुण्याचा त्या काळी ०२१२, चाकणचा ०२१३५. उलट ‘अमुक शब्द असलेल्या फाइली कळवा’ असा चाळीस अक्षरांचा निरोप पाठविला आणि उत्तरादाखल वीस ओळी परत आल्या, तर सगळा व्यवहार पाच-सहा सेकंदांत उरकतो. शोधसाधन हे अशा रीतीने काटकसरीतून जन्मास आले. काटकसरीने त्याला जे वळण लावले, त्याचा विचार पुढे करावयाचा आहे.

३. शोधसाधनाची जुळवणी

बोर्डावरील प्रत्येक फाइल-कप्प्यात एक साधी यादी ठेवलेली असे. तिचे रूढ नाव ‘फाइल्स.बीबीएस’. डाव्या बाजूस फाइलीचे नाव आणि उजव्या बाजूस तिचे थोडक्यात वर्णन, एवढाच तिचा विस्तार. वर्णन चालकाने स्वतः लिहावयाचे. परंतु शेकडो फाइलींची वर्णने लिहिणे जड जाऊ लागले, तेव्हा फाइल तयार करणाऱ्यानेच वर्णन सोबत बांधून पाठवावे असा प्रघात पडला. ‘फाइल_आयडी.डिझ’ ह्या नावाच्या त्या चिठ्ठीला दहा ओळींची व दर ओळीस पंचेचाळीस अक्षरांची मर्यादा होती. फाइली एका केंद्रातून दुसऱ्याकडे वाटल्या जात तेव्हा त्यांच्यासोबत ‘टिक’ नावाची आणखी एक पावती जाई. तीत फाइलीचे नाव, तिचा कप्पा व वर्णन नोंदलेले असे.

ह्या याद्यांवर शोध चालविणाऱ्या साधनांपैकी नेदरलंड्समधील हारल्ड हार्म्स यांचे ‘ऑलफिक्स’ हे सुप्रसिद्ध आहे. त्याची पद्धत मोठी सुटसुटीत होती. फाइल-शोधासाठी राखून ठेवलेल्या सार्वजनिक निरोपमालेत वापरकर्त्याने ‘ऑलफिक्स’ ह्या नावे निरोप लिहावयाचा आणि विषयाच्या ओळीत शोधावयाचा शब्द द्यावयाचा. तो निरोप जाळ्यातून केंद्रोकेंद्री पोहोचे. तेथील साधन तो वाची, आपल्या यादीशी ताडून पाही आणि काही सापडल्यास उत्तर पाठवी. विचारणारा एक, उत्तर देणारी केंद्रे अनेक, आणि मधले एकही मनुष्य जागे नाही, असा हा रात्रीचा व्यवहार होता. सापडलेली फाइल मिळविण्यासाठी पुढे नावानिशी मागणी पाठवावयाची.

आता चालकास काय काय ठरवावे लागे ते पाहू. कोणते कप्पे शोधासाठी खुले ठेवावयाचे, हा पहिला निर्णय. शोध नुसत्या नावात चालवावयाचा की वर्णनातही, हा दुसरा. किती अक्षरांहून लहान शब्द नाकारावयाचा आणि कोणते अतिपरिचित शब्द दुर्लक्षावयाचे, हा तिसरा. एका निरोपास जास्तीत जास्त किती फाइलींचे उत्तर द्यावयाचे, हा चौथा. उत्तर खाजगी टपालाने द्यावयाचे की सार्वजनिक मालेत, हा पाचवा. ह्यांखेरीज चालकाने न घेतलेला, साधनातच बसविलेला एक निर्णय होता : रोमन लिपीतील लहान व मोठी अक्षरे एकच मानावयाची.

वरवर पाहता हे सर्व निर्णय व्यवस्थापनाचे आहेत. परंतु भाषाशास्त्राच्या दृष्टीने पाहिल्यास त्यांतील तीन निर्णय शब्दाच्या स्वरूपाविषयीचे आहेत हे ध्यानात येईल. किमान अक्षरसंख्या ठरविणे म्हणजे शब्दाची लांबी ठरविणे. दुर्लक्षावयाच्या शब्दांची यादी करणे म्हणजे व्याकरणिक शब्द व अर्थवाही शब्द ह्यांत भेद करणे. आणि ह्या याद्या इंग्रजीच्या असत. लहान-मोठी अक्षरे एक मानणे म्हणजे कोणता लेखनभेद अर्थहीन आहे हे जाहीर करणे. अर्थभेदक व अर्थनिरपेक्ष भेदांची ही निवड प्रत्येक भाषेत निरनिराळी असते, हे वर्णविचाराचे प्राथमिक सूत्र आहे. शोधसाधनाने ती निवड इंग्रजीसाठी करून टाकली होती, आणि इंग्रजीपुरती ती बरोबरही होती.

४. ‘चाकण’ रोमन वेषात

त्या काळच्या डॉस प्रणालीत फाइलीच्या नावास आठ अक्षरे व पुढे तीन अक्षरांची शेपटी, एवढीच जागा असे. चाकण हे नाव इंग्रजी वळणाने सहा रोमन अक्षरांत बसते. तळेगाव आठांत नेमके मावते. चिंचवडचे शेवटचे अक्षर गळते. राजगुरुनगरचे ‘राजगुरुन्’ होते आणि संग्रामदुर्गाचा ‘संग्रामड्’ उरतो. दुर्गाचा बोध करून देणारा अंशच अशा रीतीने कापला जातो. मराठी सामासिक शब्दांत मुख्य पद बहुधा शेवटी येते. आठ अक्षरांची कात्री नेमकी तेथेच चालते. इंग्रजी नामेही ह्या कात्रीतून सुटत नसत, हे खरे. परंतु इंग्रजी वापरकर्त्याला वर्णनाच्या रकान्यात आपल्या लिपीत पूर्ण नाव लिहिण्याची सोय होती, ती मराठी वापरकर्त्याला नव्हती.

वर्णनाच्या रकान्यात मराठी लिहावयाचे तर रोमन लिपीत. तेथे चाकणचे रूप ठरलेले नाही. ग्रँट डफ यांच्या १८२६ च्या इतिहासात दुसरा स्वर ‘यू’ ह्या अक्षराने लिहिला आहे. १८८५ च्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरात तेथे ‘ए’ आहे. पहिला आकार दीर्घ दाखवावयाचा म्हणून कोणी ‘ए’ दोनदा लिहितो. म्हणजे ज्या गावाच्या नावात जोडाक्षर नाही, ऱ्हस्व-दीर्घाची शंका नाही, त्याचीही तीन-चार रूपे झाली. शोधणाऱ्याने एक रूप दिले की उरलेल्या रूपांतील फाइली त्याच्यापुरत्या नाहीतच.

ह्याच्या उलट जे नको ते मात्र सापडते. शोध शब्दाच्या पोटातही चालत असल्याने रोमन ‘चाकण’ची सहा अक्षरे ‘पंचकन्या’ ह्या शब्दाच्या रोमन रूपात सलग मिळतात. त्याहून विनोदी उदाहरण ‘वाचकांना’ ह्या शब्दाचे. रोमन लिपीत ‘आ’ व ‘अ’ ह्यांना एकच अक्षर, ‘ण’ व ‘न’ ह्यांना एकच अक्षर आणि अनुस्वारासही तेच अक्षर असल्यामुळे ‘वाचकांना’च्या मध्यभागी चाकण साक्षात उभे असते. त्यामुळे वाचकांना उद्देशून केलेले प्रत्येक निवेदन चाकणविषयक ठरू शकते. देवनागरीत ह्या शब्दांत घोटाळा होण्याचा काही संभवच नाही.

हा दोष दूर करण्याचा विचार लिप्यंतराच्या काटेकोर पद्धती रचणाऱ्यांनी केला. १९९१ पासून अविनाश चोपडे यांची ‘आयट्रान्स’ ही पद्धत परदेशस्थ भारतीयांत, आणि त्यांतील मराठी मंडळींतही, वापरात आली. तीत ‘न’साठी लहान रोमन अक्षर व ‘ण’साठी त्याचेच मोठे रूप योजिले आहे. ह्या पद्धतीने ‘चाकण’ नेमका आठ अक्षरांत बसतो, हा योगायोग म्हणावा. परंतु डॉस प्रणाली सर्व फाइलनामे मोठ्या अक्षरांत साठवी आणि शोधसाधन लहान-मोठ्यांत भेद करीत नसे. त्यामुळे जो भेद राखण्यासाठी पद्धत रचली होती, तोच भेद शोधाच्या पहिल्या पायरीवर पुसला जाई. साधनाने अर्थहीन म्हणून टाकून दिलेल्या खुणेवरच मराठीने ‘ण’चा भार ठेवला होता.

५. ‘चाकण’ देवनागरी वेषात

देवनागरी संगणकावर नव्हती असे नाही. कानपूरच्या आयआयटीत विकसित झालेले जिस्ट तंत्रज्ञान १९८८ मध्ये पुण्याच्या सी-डॅक ह्या संस्थेकडे आले आणि १९९१ मध्ये भारतीय मानक संस्थेने इस्की ही संकेतप्रणाली प्रमाण म्हणून स्वीकारली. तिचे रचनातत्त्व भाषाशास्त्राच्या दृष्टीने फार समंजस होते. लिपीतील आकृतींना क्रमांक न देता वर्णांना क्रमांक दिले होते. एकच ‘क’ देवनागरीत, गुजरातीत व कानडीत एकाच क्रमांकाने नोंदला जाई आणि दाखविताना त्या त्या लिपीचा वेष धारण करी. इस्कीत चाकण म्हणजे १८४, २१८, १७९, १९३ असे चार क्रमांक : च, काना, क, ण. शोधासाठी ह्याहून स्वच्छ रूप असू शकत नाही.

अडचण जाळ्यात होती. ज्याच्याकडे जिस्टची सोय नाही अशा साध्या व्यक्तिगत संगणकावर हेच चार क्रमांक तक्ते आखण्यासाठी राखून ठेवलेल्या चिन्हांचे होते. इस्कीतील चाकण अशा पडद्यावर उभ्या-आडव्या रेषांचे चार तुकडे होऊन उमटे. चौकटींच्या चिन्हांना धक्का लागू नये म्हणून इस्कीची फेरमांडणीही करण्यात आली. परिणामी एकाच शब्दाची दोन संकेतरूपे झाली. कित्येक जाळी तर इंग्रजीच्या १२८ चिन्हांपलीकडचा मजकूर धडपणे वाहून नेत नसत.

ह्या बाबतीत रशियन भाषकांचा अनुभव ताडून पाहण्यासारखा आहे. फिडोनेटच्या नियमांत १४१ हा क्रमांक ‘मऊ ओळखंड’ म्हणून दुर्लक्षावा असे ठरले होते. रशियनांच्या प्रचलित संकेतप्रणालीत हा क्रमांक नेमका त्यांच्या मोठ्या ‘न’चा होता. निरोप प्रवासास निघाला की तो ‘न’ गळून पडे. रशियन मंडळींनी त्यावर तोड काढली : त्यांच्या ‘न’ची आकृती रोमन ‘एच’सारखीच असल्याने त्या जागी सर्रास रोमन ‘एच’ लिहावयाचे. डोळ्याला फरक दिसत नसे, यंत्राला दिसे. म्हणून शोधतानाही तीच युक्ती करावी लागे. परंतु रशियन भाषकांची केंद्रे हजारोंनी होती, सर्वांनी मिळून एक तडजोड पाळली, आणि त्यांचा व्यवहार रशियन लिपीत चालू राहिला. मराठी वापरकर्ते जाळ्यावर मूठभर आणि विखुरलेले होते. तडजोड पाळण्यास लागणारा समाजच नसल्याने जो तो आपापल्या रोमन वळणाने लिहीत राहिला. लिपी टिकविण्यास संकेतप्रणालीइतकीच संख्येचीही आवश्यकता असते, हे ह्या तुलनेवरून स्पष्ट व्हावे.

ह्यानंतरची अवस्था अधिक फसवी ठरली. विंडोज प्रणाली रुळल्यावर महाराष्ट्रातील छापखान्यांत व कचेऱ्यांत फाँटवर आधारलेले मराठी सुरू झाले. त्यात संगणकाच्या लेखी मजकूर रोमनच राही. प्रत्येक रोमन अक्षराच्या जागी देवनागरीचा एखादा तुकडा चितारलेला असे. मोठ्या ‘ए’च्या जागी एक तुकडा, लहान ‘ए’च्या जागी सर्वस्वी दुसरा. अक्षरभेद न मानणारे शोधसाधन येथे दोन भिन्न मराठी वर्णांना एकच समजे. शिवाय निरनिराळ्या फाँटांची मांडणी निरनिराळी असल्याने एका फाँटातील चाकण दुसऱ्या फाँटात शोधण्याची सोय नव्हती. डोळ्यांना पूर्ण मराठी दिसणारा मजकूर यंत्राच्या दृष्टीने कोणत्याही भाषेचा नव्हता.

६. रुमालांची तुलना

हा प्रश्न केवळ यंत्रामुळे उद्भवला काय? पुण्याच्या पेशवे दप्तराचे उदाहरण घेऊन पाहता येईल. १८१८ नंतर इंग्रजांच्या ताब्यात आलेले हे दप्तर १८९१ मध्ये बांधलेल्या स्वतंत्र इमारतीत ठेवण्यात आले. कापडी रुमालांत बांधलेले हे कागद मोडीत आहेत. मोडीत इकार-उकारांचे ऱ्हस्वदीर्घत्व सामान्यतः पाळले जात नाही. शब्द तोडून लिहिण्याची चाल नाही. म्हणजे शोधाच्या दृष्टीने लेखन सैलच आहे. असे असूनही गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ ह्या अवधीत त्या दप्तरातून निवडक कागदांचे ४५ खंड सिद्ध केले.

ते शक्य झाले ह्याचे कारण शोध घेणारा मोडी वाचणारा मनुष्य होता. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद कोठे सोडून द्यावा आणि ‘ण’ व ‘न’ ह्यांतील भेद कोठे सोडू नये, हे त्याला भाषेच्या ज्ञानामुळे कळत होते. ‘चाकण’ म्हणजे येथे गाव की परगणा, हे तो मागच्या-पुढच्या मजकुरावरून ठरवीत होता. शोधसाधनाची जुळवणी करणारा बोर्डचालक आणि रुमाल चाळणारा कारकून ह्यांचे काम तत्त्वतः एकच आहे : कोणते भेद मोजावयाचे आणि कोणते नाहीत हे ठरविणे. कारकून हे दर कागदागणिक ठरवितो; साधन एकदाच, आगाऊ, सर्वांसाठी ठरविते. म्हणून साधनाची चूक एका कागदापुरती राहत नाही. ती सबंध भाषेस लागू होते.

अमेरिकेत नावांच्या शोधासाठी ‘साउंडेक्स’ ही पद्धत संगणकापूर्वीच, १९१८ मध्ये पेटंट झालेली होती. तीत पहिले अक्षर ठेवून पुढील स्वर गाळावयाचे आणि सदृश व्यंजनांना एकच अंक द्यावयाचा. गंमत अशी की, ग्रँट डफचे चाकण व गॅझेटिअरातील चाकण ह्या पद्धतीने एकाच संकेतात येतात. म्हणजे भाषेचा विचार करून रचलेली सैल पद्धत काटेकोर पण परक्या पद्धतीहून सरस ठरते. मात्र साउंडेक्सचे व्यंजनगट इंग्रजीचे आहेत. मराठीसाठी ते मराठी वर्णविचारावरूनच पाडले पाहिजेत.

७. आजचे प्रश्न

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये निघाली. तिच्यातील देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्कीवर आधारलेली आहे. विंडोजच्या २००० सालच्या आवृत्तीपासून ती सामान्य वापरकर्त्याच्या हाती आली. चाकण आज कोणत्याही यंत्रावर चारच संकेतांनी लिहिला जातो आणि तो सर्वत्र सारखा आहे. हा लाभ अल्प नव्हे. तथापि प्रश्न मिटला असे म्हणता येत नाही, ह्याची तीन कारणे आहेत.

पहिले कारण विभक्तीचे. चाकण हे अकारान्त नाव असल्याने ‘चाकणला’, ‘चाकणात’, ‘चाकणकर’ ह्या सर्वांत मूळ रूप अखंड राहते आणि शोध सफल होतो. परंतु चाकणलगतच्या निघोजे व महाळुंगे ह्या नावांचे सामान्यरूप ‘निघोज्या-’ व ‘महाळुंग्या-’ असे होते. मूळ नाव शोधणाऱ्याला ‘निघोज्यात’ सापडत नाही. पुण्याची स्थिती आणखी बिकट. ‘पुणे’ शोधल्यास ‘पुण्याला’ मिळत नाही, आणि सामान्यरूप शोधल्यास पाप-पुण्याचे सगळे वाङ्मय हाती येते. किमान अक्षरे व पोटशोध ठरविणाऱ्या जुन्या चालकासमोर जो प्रश्न होता, तोच येथे दुसऱ्या रूपाने उभा आहे.

दुसरे कारण एकाच दृश्यरूपाच्या अनेक संकेतरूपांचे. ‘दुसऱ्या’ ह्या शब्दातील रफारविरहित ‘र’ युनिकोडमध्ये दोन रीतींनी टंकित करता येतो. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. शोधसाधन मात्र त्यांना भिन्न मानू शकते. रशियन ‘न’ची कथा येथे आपल्या घरी आली आहे.

तिसरे कारण मागील पिढीच्या मजकुराचे, आणि ह्याविषयी स्वतःचा अनुभव नोंदविणे भाग आहे. २००४ मध्ये पदव्युत्तर अभ्यासक्रमात असताना प्रस्तुत लेखकाने चाकण, महाळुंगे, निघोजे व आसपासच्या वाड्यावस्त्यांतील वृद्धांकडून स्थलनामांचे उच्चार आणि शेतांची नावे टिपून घेतली होती. टिपणे त्या वेळी उपलब्ध असलेल्या एका फाँटात टंकित केली व फाइलींना आठ-आठ अक्षरांची नावे दिली. सवय जुन्या डॉसची होती. त्यानंतर त्या भागातील पुष्कळशी शेतजमीन औद्योगिक वसाहतीत गेली. शेते गेली तशी शेतांची नावेही तोंडातून गेली, आणि ती सांगणाऱ्यांपैकी बहुतेक जण आता हयात नाहीत. काही वर्षांपूर्वी ती टिपणे पुन्हा पाहावयास घेतली. फाइली शाबूत होत्या. ‘चाकण’ हा शब्द शोधला असता एकही फाइल मिळाली नाही. उघडून पाहता पानभर रोमन अक्षरांचे कडबोळे. फाँट मिळवून, मांडणीचा तक्ता करून, एकेक वर्ण बदलीत बरीच टिपणे वाचता आली. परंतु काही नावांत ‘ण’ होता की ‘न’, ‘ळ’ होता की ‘ल’, ह्याचा निर्णय आता लागत नाही, आणि विचारावयास कोणी उरलेले नाही. दोष कोणा यंत्राचा वा फाँटाचा म्हणता येणार नाही. टिपणांसोबत वर्णनाची एक साधी चिठ्ठी ठेवली असती, तर हे टळले असते.

८. समारोप

वरील विवेचनावरून एक गोष्ट निष्पन्न होते. शोधसाधन हे वाचकाचे तटस्थ सेवक नसून शब्दाविषयीचे एक मत असते. बुलेटिन बोर्डांच्या काळात हे मत चालकाच्या जुळवणीत डोळ्यांना दिसत होते. आज ते दिसत नाही, एवढाच फरक. ज्या भाषेचे अभ्यासक त्या मताच्या रचनेत भाग घेत नाहीत, त्या भाषेचा मजकूर साठविला जातो पण सापडत नाही.

ह्यातून आपल्या विभागापुरते करण्यासारखे काम फार मोठे नाही. क्षेत्रकार्याची प्रत्येक फाइल युनिकोडमध्ये असावी. तिच्या नावात आद्याक्षरांचे कोडे न ठेवता पूर्ण स्थलनाम द्यावे. सोबत दहा ओळींची एक चिठ्ठी असावी. तीत नावाची प्रचलित, जुनी व रोमन रूपे, सामान्यरूप, तालुका, टिपणाची तारीख आणि सांगणाऱ्याचे वय लिहावे. दहा ओळींची मर्यादा बोर्डचालकांनी काटकसरीने घातली होती. आपल्या कामास ती पुरेशी आहे. पुढील वर्षी खेड तालुक्यात क्षेत्रकार्यास जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी ह्या चिठ्ठीपासून आरंभ करावा, अशी सूचना करून हे टिपण संपवितो.